लुगडे नेसलेला नट : बालगंधर्वांची कथा

श्रोतेहो, 'शकुंतला' म्हटले की आपल्या यवतमाळकरांच्या डोळ्यांपुढे आगगाडी उभी राहते. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. १९०३ सालापासून तिने आपला कापूस मोठ्या लाईनीपर्यंत पोचवला. आता ती धावत नाही, पण नाव तोंडातून गेलेले नाही. आज मात्र मला दुसऱ्या एका शकुंतलेविषयी बोलायचे आहे. ही शकुंतला १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या रंगभूमीवर आली. प्रेक्षक तिच्या गाण्यावर नि रूपावर भुलले. आणि गंमत अशी की ती बाई नव्हतीच! सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. सारा महाराष्ट्र पुढे त्याला बालगंधर्व म्हणू लागला.

पुरुषाने बाईचे काम करावे, यात आपल्याकडच्या खेड्यातल्या माणसाला नवल वाटायचे कारण नाही. वणी, मारेगाव, केळापूर या भागात दंडार पाहिलेली पुष्कळ मंडळी आज हे ऐकत असतील. ढोलकी वाजते, टाळ वाजतात, आणि लुगडे नेसून, डोईवर पदर घेऊन गावचाच कुणी गडी रिंगणात उतरतो. दिवसा तो वखर हाकीत असतो, रात्री राणी होतो. अशा एका म्हाताऱ्या दंडारकऱ्याला मी एकदा विचारले, "आबा, बाईचं काम करताना लाज नाही वाटली का कधी?" आबा म्हणाले, "गुर्जी, माह्या आंगावर माह्या मायचं लुगडं राहे. मायच्या लुगड्यात लाज कायची? लोकाले हासू आलं त येवो. मले नाई आलं कधी."

हे उत्तर मनात ठेवून पुढची गोष्ट ऐका.

पहिला प्रश्न असा, की बायका असताना बायकांची कामे पुरुषांनी का करावीत? उत्तर सरळ आहे, पण फारसे गोड नाही. बाईने चारचौघांसमोर उभे राहून गावे, बोलावे, हे कुलीन समजल्या जाणाऱ्या घरांना मान्य नव्हते. जी गात-नाचत होती तिला समाजाने वेगळ्या आळीत बसवले होते. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा सीतेचे सोंग पुरुषानेच घेतले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचा पाया घातला. पुढे 'सौभद्र' आले. त्यातली सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी अशी गाजवली की लोक त्यांना लाडाने 'भावड्या' म्हणू लागले. सिनेमा आला तेव्हाही हीच अडचण. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला त्यांनी तारामती केले. पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली.

म्हणजे स्त्रीपार्टी नट हा कुणाचा छंद नव्हता, ती नाटकाची गरज होती. दरवाजा बाईला बंद होता, म्हणून पुरुषाला तिच्या वेशात आत यावे लागले. ही गोष्ट विसरून बालगंधर्वांचे नुसते कौतुक करणे बरोबर होणार नाही.

आता नारायणाकडे वळू. जन्म २६ जून १८८८. घराणे सांगलीकडच्या नागठाण्याचे. गळा लहानपणापासून गोड. वय दहाच्या आसपास असताना पुण्यास लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि 'हा तर बालगंधर्व' असे उद्गार काढले, असे सांगतात. ते नाव जन्माला पुरले. पुढे ऐकण्याचा त्रास सुरू झाला. गाणाऱ्याचाच कान बिघडला तर काय करावे? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्या उपचारांची मिरजेस सोय केली. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि किर्लोस्कर मंडळी नव्या नायिकेच्या शोधात होती. नारायण १९०५ साली तिथे दाखल झाला.

स्त्रीपार्ट म्हणजे लुगडे नेसून बारीक आवाज काढणे, अशी पुष्कळांची समजूत असते. पण गंधर्वांचे काम तसे नव्हते. गळ्यावर भास्करबुवा बखल्यांसारख्या गुरूची तालीम झालेली. साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा. नाटक रात्री सुरू होऊन संपायला पहाट व्हायची, एकेका पदाला किती 'वन्समोअर' मिळतील याचा नेम नसे, आणि तेवढा सारा वेळ अंगावर नऊवारी शालू, दागिने, डोईवर टोप. चालणे, बसणे, पदर सावरणे, नुसती मान वळवणे, यातला प्रत्येक बारकावा घरंदाज बायकांकडे पाहून उचललेला. आणि तो पुढे उलट दिशेने वाहू लागला! पुण्यामुंबईच्या बायका गंधर्वांसारखे पातळ नेसू लागल्या, त्यांच्यासारखी नथ घालू लागल्या. पुरुषाने बाईकडून शिकावे आणि बाईने पुन्हा त्या पुरुषाकडून शिकावे, असा हा प्रकार.

१२ मार्च १९११ हा दिवस त्यांच्या चरित्रात कुणी विसरू शकत नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा मुंबईस पहिला प्रयोग होता. श्रीमंतीच्या तोऱ्यात गरीब धैर्यधराला नाकारणारी, आणि पुढे वनमाला बनून त्याच्या शौर्यावर भाळणारी भामिनी गंधर्व करणार होते. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळींना वाटले. गंधर्व वयाने बाविसाचे. त्यांनी रंग लावला, शालू नेसला आणि भामिनी उभी केली. समोर बसलेल्यांना जी हसरी, मानी मुलगी दिसत होती, तिच्या आत मुलगी गमावलेला बाप होता.

हा प्रसंग आपण नेहमी 'कलेची निष्ठा' म्हणून सांगतो. ती निष्ठा होतीच. पण त्यात दुसरीही गोष्ट आहे. नटाचे रडणे घरी राहते, तिकीट काढून आलेल्याला ते दिसत नाही, आणि दिसू नये अशीच त्याची अपेक्षा असते. त्या रात्री टाळ्या भामिनीला पडल्या.

१९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. 'विद्याहरणा'तली देवयानी, १९१६ च्या 'स्वयंवरा'तली रुक्मिणी अशा एकाहून एक भूमिका झाल्या. या मालिकेतली एक नायिका आपल्या विदर्भाशी जोडलेली आहे. राम गणेश गडकरी आजारी अवस्थेत नागपूरजवळच्या सावनेरला येऊन राहिले होते. तिथेच २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी देह ठेवला. वय अवघे तेहेतीस. त्यांच्या 'एकच प्याला' नाटकाचा पहिला प्रयोग महिनाभरातच, २० फेब्रुवारीस, बडोद्याला झाला. नाटककाराने तो पाहिला नाही.

त्यातली सिंधू म्हणजे दारूड्या नवऱ्याची बायको. शालू नि दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेला नट इथे फाटके जुनेर नेसून जात्यावर दळायला बसला. वेशाचा थाट गेला, उरले ते दुःख. दारूपायी घर बसलेली सिंधू आपल्या प्रत्येक गावात आहे. या जिल्ह्यातल्या बायकांनी दारूबंदीसाठी किती मोर्चे काढले ते आपण पाहिलेच आहे. त्या काळी सिंधूला स्वतःच्या तोंडाने रंगभूमीवर बोलता येत नव्हते. तिचे दुःख एका पुरुषाने तिच्या वतीने सांगितले, आणि प्रेक्षागारातले पुरुष डोळे पुसत घरी गेले. सोंगाचे हे बळ आहे. ज्याच्याकडे कुणी पाहत नाही, त्याच्याकडे पाहायला लावणे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाला. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श आणि गंधर्व मंडळी या दोन तोलामोलाच्या संस्था टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आल्या. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. त्यामुळे त्या रात्रीची आठवण लोकांनी अधिकच जपून ठेवली.

इथपर्यंत चढण झाली. आता उतार.

गंधर्वांना हिशेब कधी जमला नाही. रंगभूमीवर जे दिसेल ते अस्सल हवे, हा हट्ट. खरे शालू, खरी अत्तरे, उंची पडदे. १९२० च्या 'द्रौपदी'साठी मयसभेचा देखावा उभारताना तर पैसा पाण्यासारखा गेला. कर्ज लाखाच्या वर चढले. तो काळ लक्षात घ्या, लाख रुपये म्हणजे आजच्या लाखासारखे नव्हेत. सावकाराचे देणे म्हणजे काय ते यवतमाळच्या शेतकऱ्याला मी काय सांगावे! कर्ज काढायला हात हवा असतो, फेडायला सारे अंग लागते. गावोगावी प्रयोग करून, गाऊन, त्यांनी ते फेडले. १९२९ साली नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही लोकांनी त्यांना दिले.

पण कर्जापेक्षा मोठी गोष्ट दारात येऊन उभी होती. काळ बदलत होता. हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर येऊन गाऊ लागल्या. १९३२ साली बोलपट आला, 'अयोध्येचा राजा', आणि त्यातली तारामती दुर्गाबाई खोटे. साळुंक्यांच्या तारामतीला वीस वर्षेही झाली नव्हती! १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे होत्या. जो दरवाजा बाईला बंद होता तो उघडला. हे चांगलेच झाले. व्हायलाच हवे होते. पण त्या बंद दरवाजामुळेच ज्याचे आयुष्य घडले होते, त्या माणसाचे आता काय व्हायचे?

१९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात व्ही. शांताराम यांनी गंधर्वांना संत एकनाथ केले. अस्पृश्याला पोटाशी धरणारे एकनाथ. चित्रपटाचे आधीचे नाव 'महात्मा' होते, सरकारी आक्षेपामुळे ते बदलावे लागले. काम मनापासून केलेले. पण लोकांचे मन भरले नाही. ज्या माणसाला तीस वर्षे शालूत पाहिले, त्याला धोतर नि उपरण्यात पाहायला लोक तयार नव्हते. पुरुषाने पुरुषाचे काम केले, तर ते प्रेक्षकांना सोंग वाटले! 'प्रभात'बरोबरची भागीदारी पुढे चालली नाही. १९३७ साली 'साध्वी मीराबाई' या चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेशात आले. पण कॅमेरा जवळून पाहतो. रंगभूमीवर पंचवीस हातांवरून जे रूप दिसे, ते पन्नाशीला टेकलेल्या चेहऱ्यावर पडद्याला कसे सापडणार?

ते पुन्हा नाटकाकडे परतले. पुढे पाय गेले. चालता येईना, तरी गाणे थांबले नाही. बसून भजने म्हणत. समोरच्या प्रत्येकाला 'देवा' म्हणत, प्रेक्षकांना 'मायबाप'. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. पुढच्याच वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले. २०११ साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही निघाला. लुगडे नेसणाऱ्या नटाला एवढा मान क्वचितच कुठल्या समाजाने दिला असेल.

पण श्रोतेहो, हा मान सर्वांना मिळाला का? इथे आपण जरा प्रामाणिक होऊ. संगीत नाटकातल्या स्त्रीवेशाला आपण 'कला' म्हटले. तमाशात तेच काम करणाऱ्याला आपण 'नाच्या' म्हटले. एके काळी तमाशाच्या फडात बाईचे सारे काम नाच्या पोऱ्याच करी. पुढे फडात बायका आल्या, पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा तर घरोघरी ठाऊक झाली. मग नाच्याला उरले फक्त हसवणे. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी मराठी चित्रपटांत वर्षानुवर्षे नाच्या रंगवला. चांगला संसारी गृहस्थ, कसलेला नट. पण पडद्यावरचा तो हेल नि ती लचक लोकांनी त्यांच्या अंगालाच चिकटवून टाकली. २००८ साली ते गेले. त्यानंतर २०१० साली 'नटरंग' चित्रपट आला, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. पैलवान गड्याने नाच्या व्हायचे ठरवले तर घर, गाव, नातीगोती त्याचे काय करतात, ते त्यात आहे.

लुगडे तेच. मेहनत तीच. मग एकाला पद्मभूषण नि दुसऱ्याला शिट्ट्या, असे का? एक कारण गाण्याच्या तयारीतले आहे, हे मी नाकारीत नाही. पण दुसरे कारण असे, की कोणत्या घरचा माणूस कोणत्या मांडवात नाचतो, हे पाहून आपण त्याच्या कलेची किंमत ठरवतो. दंडारीतल्या आबांचे नाव कोणत्या पुस्तकात येणार?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता थोडे घरचे सांगतो. मी सातवीत असताना आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये सावित्रीचे नाटक बसले. मुलींच्या घरून परवानगी मिळेना. शेवटी माझ्या वर्गातल्या एका मुलाला सावित्री केले. त्याचा आवाज असा, की यमाशी तो बोलू लागला तेव्हा मांडव चिडीचूप झाला. माझी आई शेजारणीला म्हणाली, "पोराले देवानं गळा देल्ला." दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याचे नाव लिहिले होते, आणि पुढे 'बाई' हा शब्द. वर्ग हसला. गुरुजी आले, त्यांनी वाचले, तेही हसले आणि फळा पुसून गणित सुरू केले. मीही हसलो होतो. हे सांगताना मला बरे वाटत नाही, पण खरे ते खरे.

त्या मुलाने पुन्हा कधी गॅदरिंगमध्ये भाग घेतला नाही. आज तो शेती करतो. गावच्या भजनात मागच्या ओळीत बसतो, टाळ धरतो. पुढे येऊन म्हण म्हटले तर मान हलवतो. तो मोठा गवई झाला असता असे मी म्हणत नाही. पण त्याला गाता आले असते, तेवढेही आम्ही राहू दिले नाही. गुरुजींनी त्या दिवशी फक्त एवढे म्हणायला हवे होते, "हसू नका रे, बालगंधर्वही हेच काम करीत."

म्हणून मी आता कॉलेजात नाटक बसवताना पहिल्या दिवशी ही कथा मुलांना सांगतो. त्यांच्यापुढे दोन गोष्टी ठेवतो. पहिली ही, की मुलींची कामे मुलींना मिळालीच पाहिजेत. त्यांच्यासाठी दरवाजा उघडायला फार वर्षे लागली आहेत, तो आपल्या सोयीसाठी पुन्हा लोटू नये. कुठल्या घरून नकार आला तर शिक्षकाने दोनदा नव्हे, चारदा त्या घरी जावे. आणि दुसरी ही, की एखाद्या मुलाला बाईचे सोंग चांगले साधत असेल तर ते नक्कल म्हणून नव्हे, काम म्हणून करू द्यावे. बाईची टिंगल करण्यासाठी लुगडे नेसणे हे सोपे काम आहे, ते कुणालाही येते. तिचे सुखदुःख अंगावर घेणे कठीण. गंधर्वांनी कठीण काम केले, आणि आमच्या दंडारीतल्या आबांनीही तेच केले.

यंदा दिवाळीत तुमच्या गावी दंडार निघाली, तर मुलांना घेऊन जा. राणीचे काम करणारा गडी रिंगणाबाहेर येऊन घाम पुसू लागला की त्याच्याशी दोन शब्द बोला. त्याला नाव विचारा, काम कुणापासून शिकला ते विचारा, आणि मुलांना ते वहीत लिहून घ्यायला सांगा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो. नमस्कार.